धोंड्याच्या वाणातला सायलेन्सर

आमची मोटार शिरूरच्या बाजारपेठेत वळली की दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलायचे थांबत. बोलून उपयोगच नसायचा, एकमेकांचं ऐकू येत नसे. मोटार पुढं गेली की भाव करायला परत पहिल्यापासून सुरुवात. मी शेजारच्या सीटवर डोक्यावर पदर ओढून, मान ताठ ठेवून बसायचे. लाज वाटायची, पण दाखवते कशाला?

ह्यांनी ती एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडून घेतली, तेव्हाच ती पंधरा-सोळा वर्षांची होती. रंग काळा, दारं जड, आणि मागची एक काच खाली गेली की वर येण्याचं नाव घेत नसे. हे फोटोग्राफर. एका खोलीचा स्टुडिओ, मागच्या पडद्यावर रंगवलेलं तळं आणि त्यात दोन बदकं. खरी कमाई खेड्यापाड्यांतल्या लग्नांची होती, आणि कॅमेऱ्याची पेटी, तिपाई, दिवे हे सगळं एस.टी.तून न्यायचं म्हणजे प्रत्येक वेळी कंडक्टरशी भांडण. म्हणून मोटार. घेतली तेव्हा मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तीत बसून न्हावऱ्याला जाऊन आले आणि मग बोलायला लागले.

तिचा सायलेन्सर आधीपासूनच कुजलेला. ह्यांनी त्याला तार गुंडाळली, तेलाचा डबा कापून ठिगळ लावलं, वरून चिकणमाती थापली. होता होता एक दिवस तो कुठल्यातरी खड्ड्यात गळून पडला, आणि आवाज मुळातच इतका होता की पडल्याचं ह्यांना घरी आल्यावर कळलं. शोधायला परत गेले तर कुणीतरी उचलून नेलेला. तो कुणाच्या काय कामी आला असेल, देव जाणे.

त्यानंतरच्याच लग्नात वरातीची घोडी आमच्या मोटारीला बुजली. नवरदेव घोडीच्या गळ्याला मिठी मारून अख्ख्या गावाला वळसा घालून आला. ह्यांनी तेवढ्यात फोटो काढला. फोटो फार सुरेख आला होता, पण त्या घरच्यांनी तो घेतला नाही, आणि पुढची दोन लग्नंही दुसऱ्याला दिली.

त्या वर्षी नेमका वैशाखच अधिक आला. ऐन लग्नसराईत महिनाभर लग्नं बंद, आणि पुढं निज वैशाखात सगळ्यांची एकदम घाई. हे म्हणाले, या रिकाम्या महिन्यात सायलेन्सर बदलून घेऊ. पुण्याला दोन खेपा झाल्या. एवढ्या जुन्या मोटारीचा सायलेन्सर कुणाकडं मिळेना. एका दुकानदारानं तर मोटारच बदला म्हणून सांगितलं. हे तोंड पाडून घरी आले.

आता माझ्या माहेरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं माहेर दौंडचं. वडील, म्हणजे आप्पा, रेल्वेच्या लोको शेडमध्ये बॉयलरचं काम करायचे. अडतीस वर्षं त्यांनी वाफेच्या इंजिनांची पोटं दुरुस्त केली. आमच्या लहानपणी ते घरी आले की चेहरा बघून कळायचं, आज फुली पडली की नाही. शेडचा फोरमन हातात खडू घेऊन फिरायचा आणि ज्या कामात खोट दिसेल त्यावर पांढरी फुली मारायचा. फुली पडली त्या दिवशी आप्पा जेवताना फोरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि दुसऱ्या दिवशी तासभर लवकर जाऊन ते काम पुन्हा करायचे.

त्या वैशाखाआधीच्या पौषात ते रिटायर झाले. क्वार्टर सोडून गावातल्या दोन खोल्यांत आले आणि बाजेवर बसले, ते बसलेच. बोलणं नाही, चिडणं नाही. पुढ्यात येईल ते जेवायचं आणि शेडच्या भोंग्याला मान वर करायची. आई तर आयुष्यभर त्यांच्या चुका काढत आलेली बाई, पण ती घाबरली. तिनं आम्हा सगळ्यांना बजावलं की त्यांना कुणी काही बोलायचं नाही, करतील त्याला चांगलंच म्हणायचं, खचलाय माणूस. मधे एकदा त्यांनी स्वयंपाकघरात फळी ठोकली, ती एवढी तिरपी की साखरेचा डबा रोज चार बोटं सरकून चहाच्या डब्याला भिडायचा. आईनं कडेला एक वीट ठेवली आणि म्हणाली, छान झाली. मीही छान म्हणाले. आप्पा परत बाजेवर जाऊन बसले. ते पुन्हा माणसांत येतात की असेच बसून संपतात, ही एकच काळजी आम्हा सगळ्यांना लागून राहिली होती.

अशात आम्ही त्या बिनसायलेन्सरच्या मोटारीतून दौंडला गेलो. गल्लीच्या तोंडाशी वळलो तर आप्पा अनवाणी रस्त्यात. आई मागून सांगत होती की आवाज ऐकताच ते अंगावरची चादर टाकून पळाले. हे खाली उतरले, तर जावयाला या-बसा म्हणायचं सोडून आप्पा मोटारीखाली शिरले. बाहेर फक्त पाय. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "सुतळी आना."

सुतळीनं त्यांनी सगळी मापं घेतली, गाठी मारल्या आणि ती सुतळी खिशात घालून बाहेर आले. चेहऱ्यावर काजळी, आणि चार महिन्यांनी डोळ्यांत काहीतरी. पुण्याला सायलेन्सर मिळत नाही हे ह्यांनी सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, की धोंड्याला कधी येताय?

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, कपडे करायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. वाण घेताना नको म्हणायचं नसतं आणि घेतल्यावर त्याला नावं ठेवायची नसतात. जावई म्हणजे त्या दिवशी नारायण. बाकीच्या दिवशी काय असतो, ते बायकोला ठाऊक.

पुढचे आठ-दहा दिवस आई येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप पाठवत होती. आप्पा भंगारवाल्याकडं गेले. आप्पांनी बॉयलरची जुनी नळी आणली. आप्पांनी परसात भट्टी पेटवली. आप्पा शेजारणीवर ओरडले. हा शेवटचा निरोप ऐकून मी देवापुढं साखर ठेवली.

धोंड्याच्या दिवशी ह्यांना पाटावर बसवलं. आईनं ओवाळलं, आप्पांनी टोपी-उपरणं दिलं. मग आप्पा आणि शेजारचे मामा आतून दोघं मिळून काहीतरी उचलून घेऊन आले आणि पाटासमोर ठेवलं. फरशी दणाणली. झेंडूचा हार घातलेला, हळदीकुंकू लावलेला सायलेन्सर. त्याच्यावरच अनारशांचं ताट आणि ताटात तुपाचा दिवा. जाड पत्र्याचं पिंप, दोन्ही बाजूंना ओळीनं रिव्हिटा ठोकलेल्या, सगळं घासून पुसून लख्ख. हे बघतच राहिले, आणि मग वाकून आप्पांच्या पाया पडले. नारायणानं त्या दिवशी पाया पडायचं नसतं, आई ओरडली. पण हे पडले. मला रडूच आलं.

दुपारी आप्पांनी तो स्वतः बसवला. मागच्या नळीचं तोंड त्यांनी तापवून, ठोकून बारीक केलं होतं, जेमतेम अंगठा जाईल एवढं. ते का, हेही त्यांनी ह्यांना समजावलं. रेल्वेच्या इंजिनात वापरलेली वाफ बारीक तोंडानं धुराड्यात सोडतात; ती जोरात सुटते आणि सुटताना भट्टीला ओढ लावते, जाळ वाढतो, इंजिन पळतं. तोंड जितकं बारीक तितका दम जास्त. अडतीस वर्षं त्यांनी ती तोंडं बसवली होती. ह्यांनी मान डोलावली. मोटारीत भट्टी नसते हे त्या घटकेला तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सुरू करून बघितली, तर मोटार मांजरीसारखी गुरगुरत होती. गल्लीतली माणसं आवाज ऐकायला जवळ आली. आप्पा हात मागं बांधून उभे, आणि त्यांची छाती मी अनेक महिन्यांनी भरलेली बघितली.

परत निघालो आणि दौंडच्या बाहेर पडेपर्यंत सगळं गोड होतं. मग हे म्हणाले, पळत का नाही ही? सपाटीवर बैलगाडीच्या थोडी पुढं, एवढाच वेग. नदी ओलांडून चढ लागला तिथं तर ती दोनदा उचकली आणि बंद पडली. थोडं थांबायचं, गार करायची, पुन्हा चार हात पुढं. मी खाली उतरून, नवं लुगडं कमरेला खोचून, ढकलत ढकलत चढ चढले. तेहतीसातले नऊ अनारसे आम्ही वाटेतच खाल्ले. करणार काय?

शिरूरच्या मिस्त्रीनं खाली डोकावून बघितलं आणि हसत सुटला. मग त्याचं हसणं थांबलं आणि त्यानं रिव्हिटांवरून हात फिरवला. म्हणाला, असलं काम अख्ख्या तालुक्यात कुणाला जमायचं नाही, सायलेन्सर सोन्यासारखा आहे. फक्त मोटारीचं नाक चिमटीत धरलंय. धूर बाहेर पडत नाही, म्हणून आत नवा दम जात नाही. टोक चार बोटं कापलं की झालं.

ह्यांनी कापू दिलं नाही. मिस्त्रीच्या हातातली करवत काढून घेतली. वाण आहे म्हणाले, त्याला करवत लावायची नाही. आणि आप्पांना विचारल्याशिवाय तर नाहीच. मग विचारा, मी म्हणाले. तर म्हणे, कसं विचारू, आत्तासं कुठं बरं वाटतंय त्यांना. मी भांडले, चांगली कडाकडा भांडले, पण आतून मलाही तेच वाटत होतं. आईनं घातलेली ताकीद माझ्याही मानेवर बसलेली. शेवटी दोन आठवडे आमचे हे त्या मोटारीतून रांगत रांगत फिरले. जवळच्या गावाला जायचं तर पहाटे निघायचे. पेट्रोल किती जात होतं ते विचारूच नका.

निज वैशाख लागला आणि पहिलीच मोठी ऑर्डर आली, तीही आप्पांच्या शब्दावर. शेडमधल्या त्यांच्या जुन्या सोबत्याच्या मुलीचं लग्न, पाटसच्या पुढं रोटीचा घाट चढून गेलं की एका वाडीत. माझा जावई फोटो काढील, आप्पांनी छातीवर हात ठेवून सांगून टाकलं होतं. मुहूर्त साडेबाराचा. आम्ही आदल्या दिवशीच दौंडला मुक्काम केला आणि सकाळी नऊला निघालो. पुढं हे आणि आप्पा, मागं पेट्या आणि मी. आप्पा लग्नाला निघाले तरी हत्यारांची पिशवी पायाशी होतीच. ती पिशवी त्यांनी कधी घरी ठेवली नाही.

पाटसपर्यंत ते रस्त्याकडं बघतच नव्हते. आवाज ऐकत होते. कसला शांत चाललाय, असं दोनदा म्हणाले. हे हो म्हणाले. मी मागं बसून घाट कधी येतो ते बघत होते.

घाटाच्या पहिल्या वळणालाच ती बसली. बॉनेटमधून वाफ. गार केली, पुन्हा बसली. उन्हं वर आलेली, घड्याळात साडेदहा. रोटीचा घाट म्हणजे काही मोठा डोंगर नव्हे, पण आम्हाला तो हिमालय झाला होता. आप्पा उतरले, बॉनेट उघडून वाकले. म्हणाले, इंजिनच म्हातारं झालंय, कार्बोरेटर खोलावा लागेल. ह्यांनी मान डोलावली. खरं कारण ह्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि हा माणूस मुकाट्यानं पाना शोधून सासऱ्याच्या हातात देत होता. कार्बोरेटर खोलून जोडेपर्यंत तिकडं अक्षता पडल्या असत्या. आणि आप्पांचा शब्द त्या वाडीत मातीत गेला असता, तोही त्यांच्याच हातच्या कामापायी, आणि त्यांना कधी कळलंही नसतं.

माझा संताप संताप झाला. कुणावर ते आजही सांगता येणार नाही. मी मोटारीचं दार आपटलं आणि म्हणाले, "आप्पा, इंजिनाला काही झालेलं नाही. तुमचा सायलेन्सर चुकलाय. तोंड बारीक केलंत ना, त्यानं ती गुदमरतेय."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. आप्पांनी पाना खाली ठेवला. मग मागं गेले, गुडघ्यावर बसले आणि ह्यांना मोटार सुरू करायला सांगितली. नळीच्या तोंडासमोर तळहात धरला, काढला, पुन्हा धरला. बराच वेळ. काय करून बसले मी, असं झालं.

"कवापासनं ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

पहिल्या दिवसापासून, मी सांगितलं. हे हळूच म्हणाले की वाण होतं, वाणाला नावं कशी ठेवायची?

आप्पा कडेच्या दगडावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "अडतीस वरसं त्यो फोरमन माझ्या कामावर फुल्या मारत आला. लई राग यायचा. पन फुली मारली म्हंजी काम बघितलं, असं असतंय. रिटायर झाल्यापासनं एक फुली न्हाई. काय बी करा, समदी म्हंत्यात, आप्पा, छान. मेलेल्या मानसाच्या कामाला कुनी फुली मारत न्हाई, पोरी. मला वाटलं, मी गेलोच की काय."

घाटातून एक ट्रक खाली गेला, त्याच्या धुळीत आम्ही तिघं डोळे पुसून घेतले.

मग आप्पा उठले. पिशवीतून करवत काढली आणि जावयाला म्हणाले, "धरा हितं. आन् पुन्यांदा असं गप बसलात तर तुमच्याच टाळक्यावर फुली मारीन." स्वतः केलेलं ते तोंड त्यांनी स्वतःच कापलं. जाड पत्रा, सहजी कापेना. दोघं आळीपाळीनं करवत ओढत होते, घामानं निथळत होते, आणि आप्पा तोंडानं एकसारखे बोलत होते. मोटारीत भट्टी कुठं असते, एवढं साधं डोक्यात येऊ नये, लोको शेडच्या बाहेर दुनिया नाही का, स्वतःलाच असं झाडत होते. मला ते बोलणं इतकं गोड लागलं म्हणून सांगू!

तुकडा गळून पडला आणि मोटारीनं मोठा श्वास सोडला. आवाज आता मांजरीचा राहिला नाही, पण पहिल्यासारखा राक्षसाचाही नव्हता. धडधाकट माणूस खाकरावा, इतपत. घाट ती एका दमात चढली. आप्पा खिडकीतून अर्धे बाहेर, कान मागं लावून बसलेले. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा नवरी अजून मामाच्या हाताला धरून बाहेर यायची होती. ह्यांनी धावत तिपाई मांडली, मी दिवा धरला, फोटो मिळाले. घोडी बांधली होती तिथून लांब मोटार लावायला मात्र हे विसरले नाहीत. आप्पा सगळ्या सोबत्यांना बाहेर नेऊन सायलेन्सर दाखवत होते, आणि कापलेला तुकडा खिशातून काढून आपली चूकही सांगत होते. शेडमधले ते सगळे म्हातारे त्यांना हसले, मनसोक्त हसले. आप्पाही त्यांच्यात मिळून हसले.

संध्याकाळी दौंडला परतलो. आईनं दारातूनच विचारलं, मोटार कशी चालली? मी म्हणाले, सायलेन्सर चुकला होता, मी आप्पांना सांगितलं, त्यांनी कापला. आईचा चेहरा पांढरा पडला. मी सरळ स्वयंपाकघरात गेले, रांगोळीच्या डब्यातून खडू काढला आणि तिरप्या फळीवर एक ठसठशीत फुली मारली.

आप्पा दारात उभे राहून बघत होते. फळीकडं बघितलं, विटेकडं बघितलं, साखरेच्या डब्याकडं बघितलं.

आईनं माझ्या हातातला खडू ओढून घेतला आणि माझ्या फुलीशेजारी दुसरी फुली मारली. म्हणाली, तिरपी आहेच, पण एवढी उंच ठोकलीत की चार महिने मी साखरेसाठी पाटावर चढतेय, माझे गुडघे कुणी बघायचे? आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. खिळे वाकडे, भिंतीचे पोपडे काढले, परसातल्या भट्टीची राख अजून तिथंच. चार महिन्यांचं साठलेलं सगळं तिनं उभ्या उभ्या काढलं.

आप्पा ऐकत होते. तोंड भरून हसत होते. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, बाह्या वर सारल्या आणि आईला म्हणाले, डबे उतरव.